तुझी रेघ मी अजून मान्य केलेली नाही

वैशे, तुझ्या गावच्या, पूर्ण्याच्या नाक्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. रिक्षातून उतरले आणि समोर तू. पासपोर्टसाठी काढलेला तुझा तो फोटो, ज्यात तू चोरी करताना सापडल्यासारखी दिसतेस, तो माणसाएवढा मोठा केलाय. मागे निळीजांभळी आकाशगंगा, वरच्या कोपऱ्यात हात जोडलेले चार पुढारी, आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'विश्वातील पहिली आकाशगंगा शोधणाऱ्या भूमिकन्येस भावपूर्ण श्रद्धांजली'. मला हसू आलं. रडायचं सोडून भर नाक्यात मी फिदीफिदी हसत उभी. रिक्षावाला सुटे पैसे हातात धरून म्हणाला, "क्या हुआ मॅडम? पहचानते थे क्या इनको?"

"झगडा चालू है इनसे," मी म्हटलं.

तो बिचारा पैसे देऊन निघून गेला. पण खरं तेच सांगितलं मी. चालू आहे. 'चालू होतं' असं लिही, असं मला कुणीही सांगू नये. तू गेलीस म्हणून तुझं म्हणणं खरं ठरत नाही, वैशाली, आणि माझं तर नाहीच नाही.

तू गेल्यापासून सगळे माझ्याशी भलतंच गोड बोलतात. जो तो सांगतो की तू किती शांत होतीस, किती सोशीक होतीस. तू? मेसच्या आचाऱ्याशी आमटीत गूळ किती यावर आठवडाभर वाद घालणारी तू? मेलं की माणसाला आधी गुळगुळीत करून टाकतात, मग हार घालतात. मी तसं होऊ देणार नाही. तू भांडकुदळ होतीस, हट्टी होतीस आणि दहा वेळा चूक निघालीस तरी अकराव्यांदा त्याच आवाजात बोलायचीस. माझं तुझ्यावाचून अडतंय ते याच्यासाठी. सोशीक माणसं मला पुष्कळ मिळतील.

आपलं भांडण कशावरून, हे काल तुझ्या दिनेशदादाला समजावून सांगितलं. तसंच इथे लिहिते. सोपं करून सांगितलं की तुला राग येतो, ठाऊक आहे. मध्ये तोंड घालू नकोस.

फार फार दूरच्या आकाशगंगेत नवे तारे जन्मतात, तेव्हा त्यांच्या धगीनं भोवतालचा हायड्रोजन वायू उजळतो. तो उजेड एका ठरलेल्या रंगाचा असतो. इथवर येईतो विश्व पसरत जातं आणि त्याबरोबर तो उजेडही ताणला जातो. निघताना जांभळ्याच्या पलीकडचा असलेला तो पोचतो तेव्हा तांबड्याच्या टोकाला सरकलेला असतो. दुर्बिणीतला उजेड वर्णपटात पसरवला की त्या जागी एक रेघ उमटते. रेघ किती सरकली त्यावरून ती आकाशगंगा किती जुनी ते कळतं, आणि रेघ किती ठळक त्यावरून तिथे वर्षाला किती सूर्य जन्माला येत होते ते काढता येतं. याच रेघांवर आपण दोघींनी तारुण्य घालवलं.

अडचण एकच. रेघ एकटी असली तर तिचं नाव कळत नाही. जवळच्या, कितीतरी नंतरच्या आकाशगंगेतला ऑक्सिजनही थोडासा सरकून नेमका त्याच जागी येऊन बसतो. त्याच्या मुळात दोन रेघा असतात, पण इतक्या लगटून की भरड वर्णपटात एकच दिसते. एक खुर्ची, दोन उमेदवार. हायड्रोजन निघाला तर विश्वाच्या बालपणातली, अगदी पहिल्यांपैकी आकाशगंगा. ऑक्सिजन निघाला तर साधीसुधी, जिच्यासारख्या शेकड्यांनी सापडल्यात. तुझी रेघ अशीच एकटी होती. तू म्हणालीस, हायड्रोजन. रेघेची डावी बाजू बघ, कशी कड्यासारखी तुटलीये, आणि उजवीकडे उतार आहे. वाटेतला वायू डावी बाजू खाऊन टाकतो, म्हणून हायड्रोजन असाच दिसतो. मी म्हणाले, तिथे लागूनच आपल्या स्वतःच्या आकाशाची रेघ आहे. रात्रीचं आकाशही थोडं उजळत असतं, तो उजेड वजा करावा लागतो, आणि तू वजाबाकी करताना डावी बाजू तूच खाल्लीस.

"मी?" तू म्हणालीस. "मी खाल्ली?"

त्यानंतर तू माझ्याशी दोन दिवस फक्त ईमेलवर बोललीस. शेजारच्या टेबलावरून.

आता सगळे म्हणतात, मैत्रिणीचा शब्द राखायला काय हरकत होती? हरकत मला तूच शिकवलीस. कॉलेजात बीएस्सीला सोडियमचा दिवा आणि प्रिझम घेऊन आपण अंधाऱ्या खोलीत बसलो होतो. पिवळ्या रंगात दोन रेघा दिसायला हव्यात, असं पुस्तकात होतं. सगळ्यांनी दोन लिहिल्या. मीही लिहिल्या. तू दुर्बिणीला डोळा लावून बसलीस आणि म्हणालीस, "मला एकच दिसते."

"पुस्तकात दोन आहेत," मी म्हटलं.

"मग पुस्तकानं बघितल्या असतील. मी न्हाय बघितल्या."

सर वैतागले, दिवा तापून वास मारायला लागला, शिपाई कुलूप हातात घेऊन दारात उभा राहिला. तू उजेड आत सोडणारी फट अरुंद करत बसलीस. करता करता इतकी अरुंद केलीस की उजेड जेमतेम उरला, आणि मग एकदम ओरडलीस, "शुभे! दोन हायत!" तेव्हा कुठे तू दोन लिहिल्यास. मी आधी लिहिलेल्या माझ्या दोन रेघांची मला अशी काही शरम वाटली की विचारू नकोस. ज्या मुलीनं पुस्तकाचा शब्द राखला नाही, तिचा शब्द मी कशाला राखू?

आणि मी या धंद्यात आहे तीही तुझ्यामुळेच. माझ्या बाबांनी, तुमच्या सगळ्यांच्या गुरुजींनी, मला बीएडला घालायचं ठरवलं होतं. शाळेत नोकरी, दुपारी घरी, मुलीच्या जातीला बरं. तू निजामपुऱ्यात आमच्या घरी आलीस आणि बाबांशी वाद घालत बसलीस. खाली यंत्रमागांची, लूमची खटखट, म्हणून तू ओरडून बोलत होतीस, बाबाही ओरडून बोलत होते. आणि नेमकी लाइट गेली. सगळ्या गल्लीतले लूम एका दमात थांबले, आणि त्या शांततेत तुझा आवाज पार मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत गेला, "गुरुजी, हिला बीएडला घातलंत तर मी रोज येऊन भांडेन!" समोरच्या गाळ्यातल्या चाचांनी खालून हाक मारली, "मास्टरजी, मान जाओ! वरना शिफ्ट यहीं लगेगी इनकी!" बाबा हसले. हसले म्हणजे हरले. हे मी तुला कधी 'थँक्यू' म्हणून सांगितलं नाही. तुला ते आवडलंही नसतं. म्हणून आता सांगते, ऐकून घे. माझं जे काही बरं झालं, ते तू कुणाचं तरी ऐकलं नाहीस म्हणून झालं.

आपलं शेवटचं मोठं भांडण अकलोलीला. तुझ्या आईचे, माझ्या काकीचे गुडघे दुखतात म्हणून तिला गरम पाण्याच्या कुंडावर घेऊन गेलो होतो. काकी मजेत पाण्यात बसली आणि आपण दोघी काठावर पाय सोडून, मांडीवर तुझ्या रेघेचा कागद. गंधकाचा वास, आजूबाजूला नवस फेडायला आलेली कुटुंबं, आणि आपलं चाललंय ऑक्सिजन, हायड्रोजन. एका आजीनं विचारलंसुद्धा, "पानी तपासाला आल्याव का गो?"

मी म्हटलं, "वैशे, तुला ती पहिली हवीये म्हणून तुला ती पहिली दिसते."

तू पाण्यातून पाय वर ओढलेस. मग म्हणालीस, "शुभे, तुमच्या घरात सगळं आधीच झालंय. शिकलेलं, नोकरी केलेलं, पुस्तक लिहिलेलं माणूस तुमच्यात आहे. आमच्यात दहावी पास होणारी पहिली मी. गावातून पुण्याला गेलेली पहिली मी. विमानात बसणारी पहिली मी. पहिलं कसं दिसतं हे मला विचार. तुला नाय कळायचं."

"म्हणून ती पहिली ठरत नाही," मी म्हटलं.

तू कागद दुमडलास आणि पिशवीत टाकलास. परतीच्या वाटेवर एसटीत काकीला मध्ये बसवलंस. लोकांना वाटतं मला आता त्या वाक्याचा पश्चात्ताप होत असेल. होत नाही. तू बोललीस ते खरं होतं, शब्दन् शब्द खरं होतं. मी बोलले तेही खरं होतं. दोन्ही खरं असूनही रेघेचं नाव ठरत नव्हतं, हीच तर आपली पंचाईत होती.

फक्त एक गोष्ट त्या दिवशी सांगायची राहिली, आणि ती मला रोज टोचते. मलाही तो हायड्रोजनच हवा होता, वैशे. तुझ्याइतकाच हवा होता. पूर्ण्याच्या पोरीनं विश्वाचं बालपण बघितलं, असं मला ओरडून सांगायचं होतं. म्हणून तर मी इतकी कडक झाले. आपल्याला जे हवं असतं, तिथेच आपण आंधळे होतो. तुला हवं होतं आणि मलाही हवं होतं, मग नाही म्हणणारं कुणी उरलंच नसतं.

मग तो रस्ता. आपल्या लहानपणी तिथे भाताची खाचरं होती. आता दोन्ही बाजूंना गोदामं, त्यांच्या निळ्या पत्र्यांच्या भिंती, आणि मधून पाण्यासारखे वाहणारे कंटेनर. वळणावर दिवा नाही, रस्त्याला कड नाही. तुझी स्कूटी आणि तो कंटेनर. यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही. मला त्या ट्रकवाल्याचा राग नाही, तो कोण कुठला, दोन रात्री जागा असेल. मला राग आहे तो 'देवाला आवडली' म्हणणाऱ्यांचा. देवाला आवडली तर देवानं दुर्बीण तरी द्यायची होती हातात.

नंतर पुण्याहून आपल्या संशोधनाच्या सरांचा फोन आला. आवाज बसलेला होता. तुझ्यावर त्यांचा जीव होता, हे तुला कधी पटलं नाही. म्हणाले, "शुभदा, आता वाद पुरे करू. हायड्रोजन म्हणून पेपर पाठवू. पहिलं नाव वैशालीचं. आपण तिच्यासाठी आणखी काय करू शकतो?"

"सर, ती असती तर पाठवला असतात?"

ते परत पेपराचंच बोलायला लागले.

"ती असताना तुम्हीच म्हणाला होतात, आणखी एकदा बघा, मग बोलू."

"शुभदा, इतकी कठोर होऊ नकोस."

"सर, तिला जिवंतपणी कुणी सवलत दिली नाही, आणि तिनं ती मागितलीही नाही. आता मेल्यावर ग्रेस मार्क देऊन पास करायचं? पेपरवर माझं नाव आहे. माझ्या होकाराशिवाय तो जाणार नाही, आणि मी होकार देणार नाही."

"मग अडून राहील."

"राहू दे अडून."

फोन ठेवला आणि मी ढसाढसा रडले. तू मेल्यावर पहिल्यांदा नीट रडले ती तेव्हा. कारण मी तुझ्याच आवाजात बोलले होते, आणि ऐकायला तू नव्हतीस. पुढे सरांची एका ओळीची मेल आली. 'दुर्बिणीच्या वेळेसाठी अर्ज लिही.' म्हणजे ती रेघ परत बघायला सर तयार झाले.

आता दहाव्याचं सांगते. तुला हसू येईल, पण हसू नकोस, तुझे बाबा तिथे उभे होते.

खाडीच्या काठावर, तिवरांच्या बाजूला, सकाळीच सगळे जमले होते. बायका मागे थांबल्या. मला दिनेशदादा म्हणाला, "तू चल पुढं, तू तिची हाय." पिंड मांडले. बाजूला तुझ्या आवडीची जवळ्याची चटणी, भाकरीचा तुकडा. भटजींनी त्या मासळीच्या चटणीकडे बघायचं टाळलं. कावळे होते, पुष्कळ होते. गोदामाच्या पत्र्यावर ओळीनं बसले होते. एकही खाली येईना.

तुझे बाबा पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "वैशू, आयेची चिंता करू नको. मी हाय." कावळे बसलेले. दादा म्हणाला, "तुझी पुस्तकां कुनाला देनार न्हाय, जशीच्या तशी ठेवीन." कावळे बसलेले. तो फ्लेक्स लावणाऱ्या तुझ्या मामांनी घसा साफ करून तुझ्या नावानं वाचनालय काढायचं जाहीर केलं. एका कावळ्यानं तोंड फिरवलं. ऊन चढायला लागलं. लोक कुजबुजायला लागले. मग मामाच म्हणाले, "तिचा जीव तिच्या त्या ताऱ्यात अडकलाय. या पोरीनं अडवून धरलाय ना तो कागद? हिलाच बोलाला सांगा."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. दादा जवळ आला. त्याचे डोळे सुजले होते. "शुभदा, एकदा बोल. बोल का तुझा बरोबर व्हता. आपला काय जातंय? आईसपत, कुनी पेपरात छापनार न्हाय. पोरीला सुटू दे."

काय जात होतं माझं, वैशे? तीन शब्द. तुझे बाबा माझ्याकडे बघत होते. त्या माणसानं आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि तेव्हाही तोंडानं मागत नव्हते. मनात आलं, बोलून टाकावं. खाडी ऐकणार, कावळे ऐकणार, संपलं. आणि मग डोळ्यांपुढे तूच आलीस, कुलूप घेऊन उभ्या असलेल्या शिपायाला ताटकळत ठेवून फट अरुंद करत बसलेली.

मी पुढे झाले आणि मोठ्यानं म्हणाले, "वैशाली, तुझी रेघ हायड्रोजनची आहे, हे मला मान्य नाही. ती ऑक्सिजनची आहे, हेही मी सिद्ध केलेलं नाही. मी परत बघणार आहे. आणखी बारीक बघणार आहे. एका रेघेच्या दोन झाल्या तर ऑक्सिजन. एकच राहिली आणि डावीकडे कडा तशीच उभी राहिली तर तू जिंकलीस. जे निघेल ते तुझ्या नावानं छापीन. तू हरलीस तरी तुझ्याच नावानं."

एक कावळा उडाला. सगळ्यांनी श्वास धरला. तो पिंडांवरून गेला, चिखलात उतरला, एक खेकडी उचलली आणि पलीकडच्या काठाला निघून गेला.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. विधी झाला. मामा चप्पल घालताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरीला उपाशी धाडली हिनं." हे मला लागलं. फार लागलं. तुला खोटं सांगणार नाही, परतताना माझा सगळा ताठा गळाला होता. अडाणीपणा म्हणून झटकून टाकायला गेले, पण जमलं नाही. तुला उपाशी ठेवलं, हे शब्द कुठल्याही शिकलेल्या डोक्यातून जात नाहीत.

तुमच्या घरी काकी ओट्यापाशी बसली होती. ती खाडीवर आलीच नव्हती. तिनं विचारलं, "शिवला?"

मी नाही म्हणून मान हलवली. काय झालं ते सगळं सांगितलं. मी काय बोलले तेही, आणि मामा काय बोलले तेही. वाटलं, आता ही मला दार दाखवणार. दाखवलं असतं तर मी गेलेही असते.

काकीनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "उपाशी म्हंजे? ती पोर भांडन अर्ध्यावर ऱ्हायला का कवा जेवाची? बारकी असल्यापासून बगतंय मी. दादासंगं भांडन झाला का ताट तसाच. म्या म्हनावा, जेव गो, मंग भांड. न्हाय. आधी निकाल लागाला पायजे, मंग जेवाची, ती पन हरली तरी दोन भाकऱ्या खावाची." बोलता बोलता तिचा आवाज फाटला. "तू खोटा बोलली असतीस ना, आनि तो कावला शिवला असता, तर मी म्हनली असती, ही माझी वैशू न्हाय. दुसऱ्या कुनाचा तरी कावला हाय."

मग तिनं मला पान वाढलं. भाकरी, चवळीची भाजी आणि उरलेली जवळ्याची चटणी. "जेव," म्हणाली. "तुला परत बगाला जायाचा हाय ना."

जेवले मी. रडत रडत, नाक ओढत, पोटभर जेवले. तुझ्या वाटणीची चटणीसुद्धा मीच खाल्ली.

अर्ज गेलाय, वैशे. वेळ या वर्षी मिळेल, पुढच्या वर्षी मिळेल, नाही मिळाली तर परत मागेन. तोवर राहा उपाशी. निकाल लागेल त्या दिवशी मी पान वाढून खाडीवर घेऊन येणार आहे, आणि तू हरली असलीस तरी तुला ते जेवावं लागेल.